भूतधात्री आणि बाळगोळी : निद्रोपचारांच्या इतिहासातील एक प्रकरण

१

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात निद्रेचे प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी रात्रीच्या स्वभावामुळे येणाऱ्या निद्रेला तेथे 'भूतधात्री' अशी संज्ञा दिली आहे. 'धात्री' म्हणजे बालकाला अंगावर पाजून वाढविणारी स्त्री. तेव्हा 'भूतधात्री' म्हणजे सर्व प्राणिमात्रांचे पोषण करणारी उपमाता. दुसरा शब्द 'बाळगोळी'. मुंबईच्या गिरणगावात काम करणाऱ्या स्त्रिया आपल्या तान्ह्या मुलांना कामावर जाण्यापूर्वी जी गोळी देत, तिचे हे नाव. ती गोळी अफूची होती.

या दोन शब्दांमध्ये कालाचे अंतर पुष्कळ आहे. परंतु दोहोंचा विषय एकच आहे : निद्रा आणि संगोपन. पहिल्या शब्दात निद्रा स्वतःच धात्री आहे. दुसऱ्यात धात्रीच्या अभावी निद्रा विकत आणलेली आहे. निद्रेसाठी सांगितल्या जाणाऱ्या उपायांपैकी कोणते खरोखर उपकारक आणि कोणते केवळ श्रद्धेवर तगलेले, हा प्रश्न सामान्यतः वैद्यकाचा मानला जातो. तो इतिहासाचा आणि काही अंशी भाषेचाही आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. एखादा उपाय पिढ्यानुपिढ्या टिकला, एवढ्यावरून तो गुणकारी ठरत नाही. त्याची गरज टिकून होती, एवढेच त्यावरून सिद्ध होते. बाळगोळीचे प्रकरण या विधानाचे सर्वात दुःखद उदाहरण होय.

२

प्रथम चरकसंहितेचा विचार करू. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ होत, असे या ग्रंथात म्हटले आहे. सुख आणि दुःख, पुष्टी आणि कार्श्य, बल आणि दौर्बल्य ही निद्रेवर अवलंबून असतात, असाही त्याचा सिद्धांत आहे. मन थकले आणि इंद्रिये श्रमून आपापल्या विषयांपासून निवृत्त झाली की मनुष्य झोपतो, ही निद्रेची उपपत्ती होय. प्रकार सांगताना तमापासून होणारी, कफापासून होणारी, मन व शरीर यांच्या श्रमातून येणारी, आगंतुक, व्याधीच्या अनुषंगाने येणारी आणि रात्रीच्या स्वभावातून येणारी असे सहा भेद केले आहेत. यांतील शेवटचीच तेवढी 'भूतधात्री' होय.

या वर्गीकरणाचे महत्त्व असे की, डोळे मिटून निश्चेष्ट पडणे म्हणजे निद्रा, एवढी स्थूल व्याख्या ग्रंथकाराने स्वीकारलेली नाही. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या सहा अवस्था कारणभेदाने निराळ्या मानल्या आणि त्यांतील एकीलाच पोषणाचा मान दिला. हा विवेक बाळगोळीच्या काळी लोकव्यवहारात राहिला नव्हता, हे पुढे दिसून येईल.

निद्रा नष्ट झाली असता करावयाचे उपायही याच अध्यायात आले आहेत : अभ्यंग, उटणे, स्नान, मांसरस, दह्यासह साळीचा भात, दूध, स्नेहपदार्थ, मद्य, मनाचे सुख, मनाजोगते गंध व शब्द, अंग रगडणे, डोक्यास व मुखास लेप, नीट अंथरलेली शय्या, सुखकर घर आणि योग्य वेळ. ही यादी एकजिनसी नाही. तीत खाद्यपदार्थ आहेत, शरीरसेवा आहे, आणि स्थल, काल व मनःस्थिती यांची व्यवस्थाही आहे. शिवाय याच सूत्रस्थानात अन्यत्र रात्री दही खाण्याचा निषेध केलेला आढळतो. तेव्हा 'आयुर्वेदात सांगितले आहे' असे एका वाक्यात म्हणून कोणत्याही उपायाचे समर्थन वा खंडन करणे शास्त्रीय नव्हे. कोणत्या अधिकरणात, कोणासाठी, कोणत्या ऋतूत सांगितले, हे पाहावेच लागते. दिवसा झोपण्याविषयीही हेच आहे. ग्रीष्मात रात्री लहान असतात म्हणून तेव्हा दिवास्वाप मान्य केला आहे, आणि बालक, वृद्ध, दुर्बल, तसेच अध्ययन, भारवहन वा प्रवास यांनी थकलेले यांना तो सर्वकाळ मोकळा ठेवला आहे. इतरांस अन्य ऋतूंत निषिद्ध आहे.

या यादीत एक पदार्थ नाही, याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. तो पदार्थ म्हणजे अफू.

३

चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांना अफू ठाऊक नाही. वैद्यकीय संस्कृतात ती मध्ययुगात अवतरते. शार्ङ्गधरसंहितेत तिचा उल्लेख आहे आणि सोळाव्या शतकातील भावप्रकाशात तिचे गुणवर्णन येते. तिच्या नावाचा प्रवासही हेच सांगतो. ग्रीक भाषेत 'ओपोस' म्हणजे रस किंवा चीक. त्यापासून 'ओपिऑन', त्यापासून अरबी 'अफ्यून', आणि तेथून आपले 'अफीण' व 'अफू'. संस्कृतात या परकी शब्दाला 'अहिफेन' असे रूप मिळाले. अहि म्हणजे सर्प व फेन म्हणजे फेस, असा त्याचा विग्रह करून सापाच्या फेसाची कल्पना त्याला चिकटविण्यात आली. ही लोकव्युत्पत्ती होय. परंतु नाव घडविणाऱ्यांना या द्रव्याच्या विषारीपणाची जाणीव होती, हे तीवरून उघड होते.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन औषधशास्त्रज्ञ सेर्ट्युर्नर याने अफूतील मुख्य द्रव्य वेगळे केले आणि ग्रीक पुराणातील स्वप्नदेवता मॉर्फियस हिच्यावरून त्याचे नामकरण झाले. तेच मॉर्फिन. या नावात एक विसंगती दडलेली आहे. मॉर्फिनने गुंगी येते, पण गाढ निद्रेचा आणि स्वप्नयुक्त निद्रेचा, अशा दोन्ही अवस्थांचा काल घटतो, असे निद्रामापनाच्या आधुनिक प्रयोगांतून दिसून आले आहे. स्वप्नदेवतेचे नाव धारण करणारे द्रव्य स्वप्नांचाच संकोच करते. मराठीने 'झोप' आणि 'गुंगी' हे शब्द निराळे राखले आहेत, त्यामागील भेद असा प्रयोगशाळेतही खरा ठरतो.

४

आता मुंबईकडे वळू. १८९३ ते १८९५ या काळात हिंदुस्थानातील अफूच्या व्यवहाराची चौकशी करणाऱ्या शाही आयोगापुढे मुलांना अफू देण्याच्या प्रथेविषयीही साक्षी झाल्या. म्हणजे प्रथा गिरण्यांनी निर्माण केली नाही. ती ग्रामीण भागातही होती. गिरण्यांनी तिला नवे प्रयोजन दिले. १९२२ साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन प्रौढ कामगारांच्या कामाची मर्यादा दिवसास अकरा तास व आठवड्यास साठ तास ठरविण्यात आली. ही सुधारणा मानली गेली, हे ध्यानात घेतले म्हणजे तान्हे मूल असलेल्या स्त्रीचा दिवस कसा जात असेल, याची कल्पना येते. चाळीतील एका खोलीत मूल ठेवावयाचे, त्याच्याजवळ एखादी म्हातारी वा मोठे भावंड असेल तर असेल, आणि दूध पाजणारी अकरा तास दूर.

त्याच वर्षी गिरणीतील स्त्रियांच्या परिस्थितीची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांचा अहवाल 'लेबर गॅझेट'मध्ये प्रसिद्ध झाला. कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते, असे त्यात नमूद आहे. हा आकडा नंतर अनेक ग्रंथांत उद्धृत झाला. तो एका पाहणीतला आहे, शिरगणतीतला नव्हे. म्हणून त्याच्या अचूकतेचा आग्रह धरता येत नाही. तथापि प्रथा अपवादात्मक नसून सार्वत्रिक होती, एवढा निष्कर्ष त्यातून निःसंशय निघतो. १९२९ साली नेमलेल्या व १९३१ साली अहवाल देणाऱ्या, व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगानेही या प्रथेची दखल घेतली.

अफूने मुलाचे काय होते, ते पाहिले म्हणजे ही प्रथा इतकी वर्षे का टिकली, हेही उलगडते. अफूने श्वसनाचे केंद्र मंदावते. तान्ह्या मुलाचे यकृत अपक्व असल्याने द्रव्याचा निचरा सावकाश होतो, आणि प्रौढाला क्षुल्लक वाटणारी मात्रा मुलाला प्राणघातक ठरू शकते. परंतु याहून वाईट परिणाम संथ असतो. गुंगीतले मूल भुकेने रडत नाही. रडत नाही म्हणून त्याला पाजले जात नाही, आणि दिवसेंदिवस ते क्षीण होत जाते. मृत्यू आला तर तो अशक्तपणाने, अतिसाराने वा छातीच्या विकाराने आला, असे दिसते. गोळीचा गुण तासाभरात प्रत्ययास येतो, दोष काही महिन्यांनी दुसऱ्याच नावाने प्रकट होतो. असा उपाय अनुभवाच्या कसोटीवर कधीच नापास होत नाही, कारण त्याच्याविरुद्धचा पुरावा त्याच्या नावावर जमाच होत नाही. 'आमच्या घरात पूर्वापार देत आलो, काही झाले नाही' या वाक्याचे प्रामाण्य किती, हे यावरून ठरवावे.

५

हे प्रकरण केवळ आपल्याकडचे नव्हते. इंग्लंडमधील कारखान्यांच्या शहरांत 'गॉडफ्रेज कॉर्डियल' हे अफूमिश्रित पेय मुलांना सर्रास दिले जाई. एंगल्सने १८४५ सालच्या इंग्रज कामगारवर्गावरील ग्रंथात त्याची नोंद केली आहे. अमेरिकेत 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' हे मॉर्फिनयुक्त औषध एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विकले जात होते. इंग्लंडमध्ये १८६८ च्या औषधविक्रीच्या कायद्याने अफूच्या विक्रीवर काही निर्बंध आले. अमेरिकेत १९०६ च्या कायद्याने अशा औषधांत मॉर्फिन वा अफू असल्यास वेष्टनावर तसे छापणे बंधनकारक झाले.

येथे नावांचा विचार उद्बोधक ठरतो. 'कॉर्डियल' म्हणजे हृदयास हितकर पेय. 'सूदिंग' म्हणजे शांतविणारे. अफूचा मागमूसही या नावांत नाही. आपल्या 'बाळगोळी'चे तंत्र तेच आहे. मराठीत 'बाळ' हे पूर्वपद असलेले औषधवाचक समास पुष्कळ आहेत : बाळगुटी, बाळकडू, बाळहिरडा. यांत 'बाळ' या पदाचे कार्य सर्वत्र सारखे नाही. 'बाळहिरडा' म्हणजे कोवळा, लहान हिरडा. येथे 'बाळ' हे द्रव्याचे विशेषण आहे. 'बाळगुटी' म्हणजे बाळाला द्यावयाची गुटी. येथे ते घेणाऱ्याचे सूचक आहे. परंतु गुटीत मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ ही द्रव्ये सहाणेवर सर्वांदेखत उगाळली जातात. किती वेढे द्यावयाचे, हे घरातील वडील स्त्री मुलाच्या वयावरून ठरविते. म्हणजे नावाने जे सांगितले नाही, ते कृतीने उघड असते. 'बाळगोळी'त मात्र नाव घेणाऱ्याचे, रूप निरुपद्रवी आणि द्रव्य झाकलेले. गुटीने मिळविलेला विश्वास या नव्या वस्तूने समासाच्या बळावर उसना घेतला. शब्दसादृश्याने विश्वासाचे हस्तांतर कसे होते, याचा हा नमुना अर्थविचाराच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

गुटीतील प्रत्येक द्रव्य निर्दोष आहे, असे मात्र यातून समजू नये. चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये याने १८२९ साली तीन जायफळे खाऊन स्वतःवर झालेला परिणाम नोंदला होता. जायफळाची मोठी मात्रा विषारी असते, आणि मुलाच्या बाबतीत मोठी मात्रा म्हणजे फार मोठी नव्हे. 'घरचे' म्हणजे 'निर्धोक' हेही शब्दसादृश्यच होय.

उलट, शास्त्राच्या नावाने आलेले सर्व निर्धोक होते, असेही नाही. पश्चिम जर्मनीत १९५७ साली थॅलिडोमाइड हे अत्यंत सुरक्षित म्हणून गाजविलेले निद्राकारक औषध विक्रीस आले. गर्भवती स्त्रियांनी ते घेतल्याने जगभर हजारो मुले अवयवव्यंगांसह जन्मास आली आणि १९६१ च्या अखेरीस ते मागे घेण्यात आले. पाश्चात्त्य बालसंगोपनाच्या ग्रंथांतून तान्ह्या मुलाला पालथे निजविण्याचा सल्ला कित्येक दशके दिला जात होता. १९९०च्या दशकात तो उलटविण्यात आला आणि मूल उताणे निजवावे अशा मोहिमा झाल्या, तेव्हा झोपेतील आकस्मिक बालमृत्यूंचे प्रमाण अनेक देशांत निम्म्याहून अधिक घटले. आजीचा सल्ला आणि डॉक्टरांचा सल्ला या दोहोंसाठी कसोटी एकच असली पाहिजे.

६

ती कसोटी लावली असता घरगुती निद्रोपचारांची वाटणी कशी होते, ते आता पाहू. निद्रेचे नियमन दोन प्रक्रियांनी होते, असे प्रतिपादन स्विस शास्त्रज्ञ बोर्बेली याने १९८२ साली केले आणि ते आज सर्वत्र आधारभूत मानले जाते. जागृतीच्या कालाबरोबर निद्रेची ओढ वाढत जाते, ही एक. शरीरातील दिनरात्रीचे अंतर्गत घड्याळ, ही दुसरी. चरकाची श्रमजन्य निद्रा आणि रात्रिस्वभावजन्य निद्रा यांची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु सादृश्य म्हणजे पूर्वज्ञान नव्हे. प्राचीनांच्या निरीक्षणाचा गौरव करावा; आजचे सिद्धांत त्यांच्या मुखी घालू नयेत.

झोपण्यापूर्वी एक-दोन तास ऊन पाण्याने स्नान केल्यास झोप लवकर लागते, असे १९८०च्या दशकापासूनच्या प्रयोगांतून दिसले आहे. स्नानाने त्वचेतील रक्तप्रवाह वाढतो, उष्णता बाहेर पडते व शरीराचे आंतरिक तापमान उतरते. हे उतरणे निद्रेस अनुकूल असते. पाय उबदार असल्यास झोप लवकर येते, हेही स्विस संशोधकांनी १९९९ साली दाखविले. तेव्हा रात्री तळपायांना तेल वा तूप चोळण्याच्या आपल्या रूढीला काही आधार आहे. मात्र काशाच्या वाटीने तळवे घासले असता येणारा काळेपणा म्हणजे अंगातील उष्णता बाहेर पडल्याची खूण, हे स्पष्टीकरण ग्राह्य नाही. तो धातू व स्नेह यांच्या घर्षणाचा परिणाम होय. रूढी उपयुक्त आणि तिची उपपत्ती चुकीची, असा हा प्रकार आहे.

पाळण्याचेही तसेच. मंद हेलकाव्यांनी प्रौढांनासुद्धा लवकर व अधिक गाढ झोप लागते, असे जिनिव्हातील प्रयोगांत २०११ व २०१९ साली आढळले. आपल्याकडे 'पाळणा' हा शब्द वस्तूचा आणि गीताचा असा दोहोंचा वाचक आहे, व त्याचे नाते 'पाळणे' या धातूशी आहे. भूतधात्रीच्या कल्पनेची ही लोकभाषेतील बहीणच म्हणावी.

दुधाचे प्रकरण मधले आहे. दुधात ट्रिप्टोफान हे द्रव्य असते, म्हणून दूध झोप आणते, असे सांगतात. एका पेल्यातील त्याचे प्रमाण ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते, तर निद्रेच्या प्रयोगांत ग्रॅमभर वा अधिक मात्रा वापरली जाई. दूध घेणे गैर नाही. त्याचा गुण बहुधा नित्यक्रमाचा आहे. मद्याविषयी मात्र चरकाची यादी स्वीकारता येत नाही. मद्याने डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप मोडते.

झोप येत नसेल तर डोळे मिटून पडून राहावे, हा घरोघरीचा सल्ला दीर्घकालीन निद्रानाशात अपायकारकच ठरतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बूट्झिन याने १९७२ साली याच्या उलट पद्धत मांडली : झोप आल्यावरच अंथरुणावर जावे, लागत नसल्यास उठावे, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठावे. या व अशा पद्धतींचा समावेश असलेल्या वर्तनोपचाराला अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने २०१६ साली प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावरील प्रथमोपचाराचे स्थान दिले. येथे मराठी वाक्यरचना मार्मिक आहे. आपल्याकडे झोप 'येते', 'लागते', 'मोडते', 'उडते'. या सर्व वाक्यांत झोप कर्ता आहे आणि मनुष्य चतुर्थीत वा षष्ठीत उभा आहे. 'झोप काढणे' असे प्रयोगही आहेत. पण मुख्य रचना पाहता झोप ही करण्याची नसून येऊ देण्याची गोष्ट आहे. निद्रेसाठी केलेला आटापिटा निद्रेच्या आड येतो, या आधुनिक निष्कर्षाशी भाषेची ही जाण जुळते.

आणि तान्ह्या मुलाविषयी : नवजात बालकाचे अंतर्गत घड्याळ जन्मतः लागलेले नसते. दिनरात्रीची लय साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिसू लागते. तोवर दर दोन-तीन तासांनी जागे होणे हा विकार नव्हे. ज्या जागृतीवर बाळगोळीचा इलाज केला गेला, ती जागृती हेच मुलाच्या आरोग्याचे लक्षण होते.

७

गिरणगावातील आयांच्या अज्ञानाकडे बोट दाखविणारी विधाने तत्कालीन लेखनात मुबलक आढळतात. परंतु अज्ञान हे पूर्ण उत्तर नाही. अकरा तास दूर राहणाऱ्या आईला ज्ञान देऊन मुलाजवळ कोण बसणार होते? परिस्थिती पालटण्याची सुरुवात झाली ती वेगळ्या मार्गाने. १९२९ साली मुंबई प्रांतात हिंदुस्थानातील पहिला प्रसूतिलाभाचा कायदा झाला. १९३४ च्या कारखाने अधिनियमाने पाळणाघरांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला, आणि १९४८ च्या अधिनियमाने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले. 'पाळणाघर' या शब्दात पाळणा परत आला, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. बाळगोळीला खरा पर्याय दुसरी गोळी हा नव्हता. तो धात्री हा होता.

मूल झोपावे म्हणून सर्दीचे वा प्रवासातील मळमळीचे औषध पाजण्याची प्रवृत्ती आजही सुशिक्षित घरांत आढळते. नाव बदलले, बाटली बदलली. गुंगी आणि झोप यांची गल्लत तीच आहे. निद्रोपचारांच्या अभ्यासकाने प्रत्येक उपायाला तीन प्रश्न विचारावेत. त्याच्या नावाआड कोणते द्रव्य आहे? त्याने येते ती झोप की गुंगी? आणि तो कोणाच्या सोयीसाठी दिला जात आहे, झोपणाऱ्याच्या की झोपविणाऱ्याच्या? यांतील तिसरा प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाही, आणि बाळगोळीच्या इतिहासात निर्णायक ठरला तो तोच.